नानांना मी 'हो' म्हणाले

यातलं थोडंसं माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, माहीत आहे. पुरतं कोणालाच नाही. जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती माझ्या खालच्या मजल्यावर राहते आणि अजून मला ताई म्हणते. आणि कळलं असतं तर ज्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं असतं, ते आता नाहीत.

नाना गेले. माझे वडील. नाशिकला, झोपेत, हृदय बंद पडून. वय झालं होतं, सुखाचं मरण आलं असं सगळे म्हणाले. मी सौदीहून, अल-खोबरहून, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भेटायला येणारी माणसं मला सांगत होती — तू फार केलंस वडिलांचं, आई गेल्यावर त्यांना तिकडे नेलंस. मी मान हलवत होते. नीट रडूसुद्धा येत नव्हतं. नानांची आठवण काढायला गेलं की आधी त्यांचा खोकला ऐकू येतो, मग चेहरा दिसतो. हे दुःख आहे की दुसरं काही, मला अजून कळलेलं नाही.

कुठून सांगू? मुलांपासून सांगते.

मी नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते. लग्नानंतर इथे आले, श्रीकांतच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, आणि माझ्या दिवसाला काही आकारच राहिला नाही. आम्हाला मूल झालं नाही. आमच्याच इमारतीत नसरीन राहायला आली. श्रीवर्धनकडची, इथल्या भारतीय शाळेत शिकवणारी. तिचा अयान तेव्हा नुकता चालायला लागला होता. ती शाळेत जाताना त्याला माझ्याकडे ठेवू लागली. मग तिच्या ओळखीने आणखी एक मूल आलं, मग आणखी. शेवटी पाच झाली. सगळी मला मावशी म्हणत. तसं म्हणायला मीच शिकवलं होतं — प्रेमाने, हे खरंच. पण त्यात दुसरंही एक कारण होतं. घरात मुलं सांभाळायला इथे परवाना लागतो, आणि नवऱ्याच्या इकाम्यावर आलेल्या माझ्यासारखीला तो मिळण्यासारखा नव्हता. म्हणून कोणी विचारलं तर ही माझ्या बहिणींची मुलं. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, सुदानी होता आणि मोडकं हिंदी बोलायचा. एकदा जिन्यात पाचही पोरं बघून म्हणाला, "मॅडम, तुम्हारा अब्बा को सलाम बोलो. इतना बेटी!" मी हसले. तोही हसला. त्याला सगळं समजत होतं.

मी वाचणारी बाई आहे. परवाना मिळणार नाही हे कळल्यावरही मी परवान्याचे नियम वाचले. फोनवर भाषांतर करून, सगळे, पुन्हा पुन्हा. प्लगांना झाकणं बसवली. औषधांचा डबा उंचावर ठेवला. टेबलांच्या कोपऱ्यांना रबर लावलं. प्रत्येक मुलाचं वेगळं पांघरूण, वेगळा पेला. मला वाटायचं, कागद नसला तरी माझं घर कागदवाल्यांपेक्षा चोख आहे. त्या नियमांत आणखी दोन गोष्टी होत्या. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची तब्येत तपासलेली हवी. आणि घरात कोणाला पसरणारा आजार निघाला तर सगळ्या पालकांना ताबडतोब कळवायचं. या दोन ओळी मला पाठ होत्या. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मला माहीत नव्हतं.

आई गेल्यावर नानांना आम्ही व्हिजिट व्हिसावर बोलावलं. नाना म्युनिसिपल शाळेत मराठीचे मास्तर होते, पस्तीसेक वर्षं. मुलांशिवाय ते सुकत चालले होते, आणि इथे तर माझ्या हॉलमध्ये पाच मुलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गोष्ट सुरू केली — नाशिकला द्राक्षं खायला निघालेल्या एका उंटाची. तो उंट कधी नाशिकला पोचला नाही, कारण रोज वाटेत काहीतरी व्हायचं. आणि रोज गोष्टीत एकदा तो रागवायचा. मग नाना गाल फुगवून, ओठ थरथरवून, समोरच्या मुलाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन फुर्र करायचे. मुलं किंचाळायची, तोंड पुसायची आणि पुन्हा पुढे सरकायची. अयान मांडीवरच असायचा. "नाना, कॅमल अगेन," म्हणायचा. नाना म्हणायचे, "मराठीत सांग, मग करतो." तो म्हणायचा, "नाना, उंट अगेन." तेवढ्यावर नाना विरघळायचे.

दुपारी हॉलमध्ये गाद्या घालून सगळी ओळीने झोपायची. मध्ये नाना. पडदे ओढलेले, एसी लावलेला. खिडक्या तर आम्ही उघडतच नव्हतो. धुळीच्या वादळानंतर फटींना चिकटपट्टी लावली होती, ती तशीच राहिली होती. मी दारातून बघायचे आणि वाटायचं, यापेक्षा चांगलं काय असतं?

खोकला कधी सुरू झाला? इथे माझा गोंधळ होतो. मला वाटतं त्या वादळानंतर, कारण तेव्हा सगळेच खोकत होते आणि आम्ही धूळ धूळ म्हणत होतो. पण मला असंही आठवतं, की विमानतळावर श्रीकांत त्यांची बॅग घेत होता तेव्हाच ते रुमाल तोंडावर धरून थांबले होते. दोन्ही आठवणी मला तितक्याच खऱ्या वाटतात. नंतर त्यांना संध्याकाळी कणकण येऊ लागली. पॅन्ट कमरेला सैल झाली, श्रीकांतने पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं. मी म्हटलं, जेवण मानवत नाहीये. तेव्हा मला संशय आला होता का? आला असावा, कारण मी त्यांचा पेला वेगळा घासायला लागले होते. ज्याला संशय नसतो तो पेला वेगळा का घासेल?

आता इथली एक रीत सांगायला हवी. आपल्या माणसांत इथे कोणाला खोकला धरला, तर छातीचा एक्स-रे इथे काढत नाहीत. डाग दिसला की इकामा गेला, परत पाठवणार, असं प्रत्येकजण दुसऱ्याला सांगतो. खरा नियम काय आहे? इथे उपचार होतात का? हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. मीही विचारलं नाही, मी — नियम वाचणारी. सुट्टीला जाऊ तेव्हा गावाला काढू, असं सगळेच म्हणतात. श्रीकांतही तेच म्हणाला, "व्हिसा संपतच आलाय. तिकडे दाखवू दे. इथे उगाच घोळ नको." नानांना आम्ही खोकल्याचं बाटलीतलं औषध देत राहिलो. ते मुलांत बसत राहिले. मुलांना काही दिवस दुसरीकडे ठेवा, असं मी पालकांना म्हणू शकले असते. पण मग का म्हणून विचारलं असतं. आणि मुलं गेली की माझा दिवस पुन्हा तसाच झाला असता. हेही कारण होतंच, हेच मोठं होतं की काय कोण जाणे.

नाना नाशिकला परतले. भावाने दाखवलं. क्षय निघाला, फुप्फुसाचा, थुंकीत जंतू असलेला. भावाने फोन केला तेव्हा डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं, की जे जे सोबत राहिले त्यांनी तपासून घ्यावं, लहान मुलं असतील तर आधी मुलांना. मी ऐकत असताना समोर गाद्यांवर पाचही झोपली होती.

पुढच्या सुट्टीत श्रीकांतने आणि मी नाशिकला एक्स-रे काढले. आमचे स्वच्छ होते. म्हणजे बघा — स्वतःची काळजी मी घेतली.

पालकांना मी एवढंच म्हणाले की माझी पाठ धरलीय, आता मुलं सांभाळणं झेपत नाही. हळूहळू सगळ्यांनी दुसरी सोय केली. कळवायचं ठरवून मी नसरीनच्या दाराशी दोनदा तरी गेले असेन. एकदा तिने दार उघडलं आणि हातात घावन ठेवलं, ताटली नाही, नुसतं गरम घावन, आणि म्हणाली, "ताई, आधी खा, मग बोला." मी खाल्लं आणि वर आले. तिला सांगितलं तर ती नवऱ्याला सांगेल, तो बाकीच्यांना, कोणीतरी तक्रार करेल, परवाना नाही हे निघेल, श्रीकांतची नोकरी जाईल. ही साखळी मी मनात इतक्या वेळा ओवली की ती घडूनच गेल्यासारखी वाटायची. पण त्यातली एकही कडी मी खरोखर तपासली नाही.

नाना गोळ्या घेत होते. फोनवर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, आणि मास्तरांच्या आवाजात विचारलं, "मुलांच्या घरी कळवलंस ना?"

मी हो म्हणाले.

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. तपासण्या झाल्या नाना. सगळी ठीक आहेत."

"अयान?"

"तोही."

पलीकडे त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मग म्हणाले, "माझ्या मांडीवरच असायचा गं तो." मी म्हटलं, "त्याला काही झालेलं नाही." हे म्हणताना ते खरं की खोटं, मला माहीतच नव्हतं. मला त्यांना त्या आजारपणात त्रास द्यायचा नव्हता, असं मी नंतर स्वतःला सांगत आले. पण त्यांचा त्रास टाळायचा असता तर खाली जाऊन कळवता आलं असतं आणि मग खरंखुरं 'हो' म्हणता आलं असतं. हे मला त्या क्षणीही समजत होतं.

काही महिन्यांनी अयानच्या मानेत गाठी आल्या. ताप जायचा आणि यायचा. डॉक्टरांनी हातावर सुई टोचून तपासणी केली, गाठीतलं पाणी काढून पाहिलं. क्षयाच्या गाठी. नसरीन माझ्याच घरी येऊन रडली. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात कोण खोकतं, बाहेरून कोण आलं होतं, मूल पाळणाघरात जात होतं का. ती डोळे पुसत मला म्हणाली, "ताई, तुमचं नाव नाही हां काढलं. म्हटलं, घरीच असायचा. उगाच तुमच्यावर काही यायला नको."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तिने माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं आणि त्या खोट्यामुळे डॉक्टरांची नजर माझ्या घराकडे वळायची राहिली होती. नानांना काय झालं होतं हे तिला ठाऊक नव्हतं, तिने निव्वळ मायेने केलं. आणि मी? तेव्हाही एक वाक्य पुरलं असतं. नाना खोकत होते, एवढंच.

मी ते म्हणाले नाही. पण खरी गोष्ट याहूनही वाईट आहे. तिच्याभोवतीच मी इतका वेळ फिरतेय.

नसरीनचा धाकटा दीर, इरफान, अबकैकला एका कंत्राटदाराकडे फिटर होता. कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचा आणि गुरुवारी संध्याकाळी भावाकडे यायचा. हॉलमध्ये अयानच्या शेजारी झोपायचा, त्याला खांद्यावर बसवून कॉर्निशवर, समुद्राकाठी, न्यायचा. मूल आजारी पडल्यावर घरात शोध सुरू झाला की हे आलं कुठून. कॅम्पमध्ये एका खोलीत आठ-आठ माणसं राहतात, हे सगळ्यांना माहीत होतं. बोट तिकडे वळलं.

त्या शुक्रवारी दुपारी मी अयानसाठी मुगाचं कढण घेऊन खाली गेले, तेव्हा ते बोलणं चाललेलं होतं. मी परत फिरणार होते. नसरीन म्हणाली, "बसा ताई, तुम्ही काय परक्या?"

इरफान भिंतीला टेकून उभा होता. "भाबी, मी खोकतो काय? सांगा ना. कधी ऐकलाव माझा खोकला?"

"मग काढ की एक्स-रे," नसरीन म्हणाली. "भितोस कशाला?"

"इथं? इथं काढला नि लहानपणीचा कायतरी जुना डाग दिसला म्हंजे? खलास. उद्या सामान बांधायचा. गावाला जाईन तेव्हा पहिला तोच काढतो."

त्याचा भाऊ म्हणाला, "म्हणजे आहे काहीतरी."

"भाई, तुम्ही काढलाव का? तुम्ही पण याच घरात राहता ना?"

"तोंड वर करून बोलतो बघ."

इरफान माझ्याकडे वळला. तो मला वयाने धाकटा, नेहमी अदबीने बोलणारा. म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा यांना."

मी शिकलेली. माझ्या हातात कढणाचं भांडं होतं. ते मी टेबलावर ठेवलं, झाकण नीट बसवलं आणि म्हणाले, "एकदा तपासून घेतलेलं बरं, इरफान. लहान मूल आहे घरात."

हेच ते. गप्प राहणं नव्हे, गप्प राहिले असते तरी बरं झालं असतं. मी बोलले, शांतपणे, समजूतदारपणे, आणि माझ्या बोलण्याने त्या खोलीतला निकाल लागला. एक्स-रे इथे नको, ही जी भीती त्याची होती तीच आमची होती. त्याच भीतीपायी आम्ही नानांना खोकत ठेवलं होतं. मी त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ओळखत होते त्या क्षणी. तरी म्हणाले. का म्हणाले? बोट त्याच्याकडे वळलेलं राहावं म्हणून? की शिकलेल्या बाईने असंच काहीतरी म्हणायचं असतं म्हणून तोंडातून गेलं? मी पुष्कळ आठवून पाहिलं आहे. दोन्हींतलं एक निवडता येत नाही.

इरफानचं भावाकडे येणं बंद झालं. गोष्ट कशी कोण जाणे कॅम्पपर्यंत गेली. खोलीतल्या माणसांनी त्याला खोलीत नको म्हटलं, मग सुपरवायझर एक्स-रे मागू लागला, आणि तो काढण्याआधीच इरफान एक्झिट घेऊन, म्हणजे नोकरी सोडून, कायमचा निघून गेला. श्रीवर्धनला उतरल्यावर त्याने म्हटल्याप्रमाणे पहिला एक्स-रेच काढला. स्वच्छ होता. हे मला नसरीननेच सांगितलं, भाजी निवडता निवडता. नवरा म्हणतो, गुपचूप औषध घेऊन मग काढला असेल. ती स्वतः काय म्हणते ते तिने सांगितलं नाही. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, असंही ओझरतं म्हणाली. मी मेथीची पानं खुडत होते. खुडत राहिले.

अयान बरा झाला. सहा महिने औषध घेतलं पोराने, कडू म्हणून थुंकायचा, मी जाऊन गुळाबरोबर द्यायचे. आता शाळेत जातो. मानेवर एक बारीक वण आहे, शर्टाच्या कॉलरखाली जातो. बाकीची चार मुलं कुठे आहेत मला नक्की माहीत नाही. एक कुटुंब जुबैलला गेलं, एक कॅनडाला, बाकीच्यांशी संबंध राहिला नाही. ती बरी असतील. असतील ना? मी कधी फोन करून विचारलं नाही, कारण विचारलं तर का विचारतेय हे सांगावं लागलं असतं.

अयानला ते नानांकडूनच आलं का? खात्री देता येत नाही. एखाद्या दुकानात, दवाखान्यात, दुसऱ्या कोणाकडूनही आलं असेल. ही शंका मी बरीच वर्षं उशाला घेऊन झोपले. पण आता तीही मला नीट धरता येत नाही, कारण इरफानचा एक्स-रे स्वच्छ निघाला त्या दिवसानंतर निदान एक गोष्ट शंकेची राहिली नव्हती, आणि त्या दिवसानंतरही मी तशीच वागले.

नाशिकला दहाव्याच्या दिवशी नानांचे एक जुने सहकारी मास्तर भेटले. म्हणाले, "तुझे वडील तुझं नाव काढायचे. आजार निघाला तेव्हा मुलीने घरोघर कळवलं, एकेका पोराची तपासणी करून घेतली म्हणायचे. शिकवलेलं फुकट गेलं नाही म्हणायचे." मी त्यांना वाकून नमस्कार केला. नाना ते खोटं बरोबर घेऊन गेले आणि त्यात त्यांना समाधान होतं. हे मला सहन व्हावं की होऊ नये? रात्रंदिवस हेच घोळतं, आणि यातलं दुःख कुठलं, लाज कुठली, वेगळं करता येत नाही.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी नसरीन वर आली. शेवयांची खीर घेऊन आली होती आणि दारातच रडायला लागली. नाना होते म्हणून अयान बोलायला शिकला, म्हणाली. मग तिने फोन काढला. इरफानने आवाजाचा निरोप पाठवला होता, मला ऐकवायला. तो आता श्रीवर्धनला टेम्पो चालवतो, मागे इंजिनाचा आवाज येत होता. म्हणत होता, नानांबद्दल समजलं, वाईट वाटलं. भले माणूस. मी जाताना त्यांना सलाम करायचा राहिला, ते आधीच गेलेले इंडियाला. ताईंना सांगा, सबर करा. स्वतःची तब्येत सांभाळा म्हणावं.

निरोप संपला. नसरीन माझ्याकडे बघत होती.

"त्याला माझा नमस्कार सांग," मी म्हणाले.

ती हो म्हणाली, खिरीचं भांडं ओट्यावर ठेवलं आणि अयानची बस यायची वेळ झाली म्हणून खाली गेली.